फ्रान्सचा द्राक्षारस : त्याचे गाव आणि त्याचे ताट

(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या विषयात पहिली अडचण येते ती शब्दाचीच. आपल्या बोलण्यात 'दारू' हा एकच शब्द ताडीपासून व्हिस्कीपर्यंत सर्वांना पुरतो, आणि तो उच्चारला की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. वैद्यांच्या कपाटात 'द्राक्षासव' असते. पण ते चमच्याने घ्यावयाचे औषध. आम्हां ख्रिस्ती मंडळींच्या मराठी बायबलात मात्र 'द्राक्षारस' हा शब्द फार दिवसांपासून रुळलेला आहे, आणि मिस्साबलीच्या वेदीवर जो असतो त्यालाही आम्ही तेच म्हणतो. आजच्या भाषणापुरता मी हाच शब्द वापरणार आहे. द्राक्षे चुरडावी, रस आपोआप आंबू द्यावा, त्यातली साखर बहुतेक संपली की जे पेय उरते ते हे. त्यात मद्यार्क शेकडा बारा ते चौदा असतो. म्हणजे ताकाच्या पंक्तीला बसविण्याजोगे हे पेय नव्हे, हेही आरंभीच सांगून टाकतो. तो आपण प्यावा असे सुचविण्यासाठी मी येथे बसलेलो नाही. मी शाळामास्तर. मला ह्या विषयाची गोडी लागली ती नकाशावरून आणि इतिहासाच्या पुस्तकावरून, आणि त्याच वाटेने मी आपणांस घेऊन जाणार आहे.

फ्रेंच द्राक्षारसाची बाटली हातात घेतली तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. चिठ्ठीवर ठळक अक्षरांत बहुधा फळाच्या जातीचे नाव नसते, गावाचे असते. शाब्ली, पोमार, सांसेर, मार्गो ही सारी गावे आहेत. शाब्ली शार्दोने जातीच्या द्राक्षांची असते आणि सांसेरचा पांढरा द्राक्षारस सोव्हिन्यों ब्लां जातीचा. पण ते आपण ओळखून घ्यावयाचे असते. आल्सास प्रांतात जातीचे नाव लिहिण्याची रीत आहे, परंतु तो अपवाद. फ्रेंच माणसाच्या मते जात ही वेलीची, पण चव ही जागेची. माती, तिच्याखालचा खडक, उताराची दिशा, पावसाचे मान, सकाळचे ऊन आणि त्या जागी पिढ्यान् पिढ्या राबलेल्या माणसांची रीत, ह्या सर्वांना मिळून त्यांच्या भाषेत 'तेर्वार' असा एक शब्द आहे. त्याला मराठीत नेमका प्रतिशब्द मला सापडलेला नाही. 'त्या गावचे पाणीच निराळे' असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या मनात जे असते ते त्याच्या बरेच जवळचे आहे.

ही कल्पना सर्वांत आग्रहाने जोपासली ती बर्गंडीने. १०९८ साली सितो येथे एक मठ स्थापन झाला. तेथील साधूंचा नियम कडक होता : प्रार्थना आणि अंगमेहनत. त्यांनी वूजो गावाजवळ द्राक्षमळे लावले आणि पुढे त्यांभोवती दगडी कुसू घातले. 'क्लो द वूजो' हा सुमारे पन्नास हेक्टरांचा मळा आजही त्या भिंतीच्या आत उभा आहे. मठाची माणसे पिकत नाहीत की विकली जात नाहीत. एक गेला तरी दुसरा त्याच वाफ्यात काम करतो, आणि कोठला तुकडा बरा, कोठला पाणथळ, ह्याची आठवण मठात साचत राहते. शतकानुशतके अशी आठवण साचली म्हणजे काय होते ते बर्गंडीत पाहावे. तेथे एका डोंगरउताराचे शेकडो तुकडे पडलेले असून प्रत्येकाला नाव आहे. दोन तुकड्यांमध्ये बैलगाडीची वाट काय ती असते, पण एकाची बाटली दुसऱ्याच्या अनेक पटींनी विकली जाते. २०१५ साली ह्या तुकड्यांची नोंद युनेस्कोने जागतिक वारशात केली.

राजसत्तेनेही ह्यात हात घातला होता. १३९५ साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप ह्याने गामे जातीच्या वेली उपटून टाकण्याचा हुकूम सोडला. गामे भरघोस पिकते, म्हणून शेतकऱ्याला ती प्रिय. पण पिनो न्वारची सर तिला नाही, असे ड्यूकाचे मत. शेतकऱ्याच्या पोटावर पाय देणारा हा हुकूम होता हे विसरता येत नाही. गामे दक्षिणेकडे बोझोले भागात टिकून राहिली आणि तेथल्या कणाश्माच्या मातीत तिने चांगले नाव काढले. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत मठांच्या जमिनी जप्त होऊन लिलावात निघाल्या, आणि त्यानंतरच्या वारसाकायद्याने त्यांचे आणखी तुकडे पडले. क्लो द वूजोला आज ऐंशीहून अधिक मालक आहेत. भिंत एक, नाव एक, आणि बाटल्या मात्र ऐंशी तऱ्हेच्या. तेव्हा नुसत्या नावावर विसंबू नये, हेही बर्गंडीच शिकविते.

श्रोतेहो, गावाचे नाव चिठ्ठीवर छापण्याचा हक्क आज कायद्याने राखलेला आहे. हा हक्क फ्रान्सला सुखासुखी मिळालेला नाही. त्यामागे एक किडा आहे, एक मोठी लबाडी आहे आणि काही माणसांचे रक्तही आहे.

१८६० नंतरच्या काही वर्षांत ऱ्होन नदीच्या खालच्या खोऱ्यात वेली कारण नसताना सुकू लागल्या. पाने पिवळी पडत, तिसऱ्या वर्षी वेल मरे. मेलेली वेल उपटून पाहिली तर मुळाशी काहीच दिसत नसे. १८६८ साली मोंपेलिए येथील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक प्लांशों आणि त्यांचे दोन सहकारी ह्यांनी मेलेल्या वेलीऐवजी शेजारची जिवंत वेल उपटली, आणि तिच्या मुळांवर पिवळ्या उवांचा थर त्यांना दिसला. प्रेतावर खुनी सापडत नाही, तो पुढच्या घरी गेलेला असतो! हीच ती फिलॉक्सेरा. ती अमेरिकेतून आणलेल्या रोपांबरोबर आली होती. सरकारने उपायासाठी तीन लाख फ्रँकांचे बक्षीस लावले. कोणी जमिनीत विषारी औषध टोचले, कोणी मळे पाण्याखाली बुडविले. अखेर उपाय सापडला तो शत्रूच्याच घरात. अमेरिकेतल्या रानवेलींच्या मुळांना ह्या उवेची सवय होती. तेव्हा अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम बांधावयाचे. आज फ्रान्समधील बहुतेक साऱ्या वेली अशाच परक्या पायांवर उभ्या आहेत. 'आमच्या मातीचा' म्हणून जो द्राक्षारस मिरवतो, त्याचे मूळ अटलांटिकपलीकडचे आहे, हे ऐकून मला तरी थोडी गंमत वाटते.

परंतु कलमे वाढेपर्यंत वर्षे गेली. १८७५ साली फ्रान्सचे उत्पादन सुमारे साडेआठ कोटी हेक्टोलिटर होते; १८८९ साली ते अडीच कोटींच्याही खाली आले. माणसांची तहान मात्र तेवढीच होती. मग व्यापाऱ्यांनी तुर्कस्तान आणि ग्रीस येथून मनुका आणून त्या भिजविल्या, चोथ्यावर साखर-पाणी ओतून दुसरा-तिसरा रस काढला, रंग मिसळला, आणि त्यावर नामांकित गावांच्या चिठ्ठ्या डकविल्या. पुढे खरे मळे पुन्हा पिकू लागले तरी हा धंदा थांबला नाही, आणि भाव कोसळले. १९०७ साली लांगदोक प्रांतातील द्राक्षशेतकरी रस्त्यावर आले. आर्झेलिए ह्या खेड्यातला एक कॉफीगृहवाला, मार्सेलें आल्बेर, त्यांचा पुढारी झाला. ९ जून रोजी मोंपेलिए शहरात पाच लाखांहून अधिक माणसे जमली असे सांगतात. नार्बोन येथे सैन्याने गोळीबार केला, माणसे मेली. आणि त्याच भागातून भरती झालेल्या एका पलटणीने बंड करून शेतकऱ्यांची बाजू घेतली. त्याच महिन्याअखेर सरकारला पाणी आणि साखर मिसळण्याविरुद्ध कायदा करावा लागला.

चार वर्षांनी, १९११ साली, शांपेन प्रांत पेटला. तेथील काही पेढ्या बाहेरून स्वस्त रस आणून त्यावर 'शांपेन' लिहीत होत्या. मार्न खोऱ्यातील शेतकऱ्यांनी तळघरे फोडली, पिंपे नदीत लोटली. एप्रिलमध्ये आई गावात पेढ्यांच्या इमारती जळाल्या. दुसरीकडे दक्षिणेचा ओब जिल्हा सीमेबाहेर टाकला गेला म्हणून तेथले शेतकरी निशाणे घेऊन निघाले. सीमा कोठे आखावयाची, हा प्रश्न नकाशावर सोपा दिसतो. ज्याचे शेत रेषेच्या पलीकडे पडते त्याला विचारावे. बेळगावकडच्या श्रोत्यांना हे मी निराळे सांगावयास नको. ओबला पुरा हक्क मिळावयास १९२७ साल उजाडले.

आजच्या कायद्याचा पाया घालण्यात ज्यांचा हात होता, त्यांत पिएर ल रुआ हे एक सरदार घराण्यातील वकील होते. पहिल्या महायुद्धात ते वैमानिक होते. त्यांचा मळा आविन्योंजवळ शातोनफ-द्यू-पाप येथे. ह्या नावाचा अर्थ 'पोपमहाशयांचा नवा गढीवाडा'. चौदाव्या शतकात पोप रोम सोडून आविन्यों येथे राहत असत, त्या वेळी त्यांनी ही गढी बांधविली. ल रुआ आणि त्यांच्या सोबत्यांनी १९२३ पासून गावापुरते नियम ठरविले : कोणत्या जातीच्या वेली, छाटणी कशी, मद्यार्क किमान किती. आणि जमीन कोणती? तर ज्या माळावर लव्हेंडर आणि थाइम ही दोन्ही झुडपे उगवतात तीच. मला हा नियम फार आवडतो. प्रयोगशाळेआधी झुडपालाच साक्षीला बोलाविले! १९३५ साली झोझेफ काप्यू ह्यांच्या खटपटीने सबंध देशासाठी कायदा झाला, आणि १९३६ च्या मे महिन्यात जी पहिली नावे नोंदली गेली त्यांत हे गाव होते. ह्याच गावच्या महापौरांनी १९५४ साली, उडत्या तबकड्यांची हूल उठली असता, 'आमच्या हद्दीत तबकडी उतरल्यास ती जप्त होईल' असा फतवा काढला होता. हद्दीविषयी ही मंडळी किती जागरूक, ते ह्यावरून समजावे.

ही कल्पना आता आपल्याकडेही आली आहे. गोव्याच्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, ते ह्याच तत्त्वावर. आणि शांपेनमधीलच एका नामांकित पेढीने २०१३ साली आपल्या नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी येथे फेसाळ द्राक्षारस काढला, तेव्हा कृती घरची असूनही तिला बाटलीवर 'शांपेन' हा शब्द लिहिता आला नाही.

आता ताटाकडे वळू. कोणत्या अन्नासंगे कोणता द्राक्षारस, ह्याविषयी मोठमोठी कोष्टके छापली जातात. ती पाठ करण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. फ्रान्समध्ये ह्या जोड्या कोणी बसून ठरविल्या नाहीत. एकाच खोऱ्यात जे पिकले ते एकत्र वाढले गेले. लुआर नदीकाठच्या शाविन्योल गावी बकरीच्या दुधाचे चीज होते, आणि त्याच्या सभोवार सांसेरचे मळे आहेत. चीज खारट-आंबूस, द्राक्षारसही आंबटसर. आंबटाला आंबट भेटले की दोन्ही सौम्य वाटतात. आल्सासमध्ये आंबविलेल्या कोबीबरोबर डुकराचे मांस शिजवितात आणि त्यासंगे तेथलाच रिसलिंग घेतात. बर्गंडीत गोमांस त्याच प्रांताच्या लाल द्राक्षारसात तासन् तास शिजते, आणि पेल्यातही तोच.

थोडे शास्त्र सांगतो. लाल द्राक्षारस सालींसह आंबवितात, म्हणून त्यात टॅनिन उतरते. सुपारीने तोंड जसे तुरट होते तसाच त्याचा परिणाम. ते लाळेतील प्रथिनांना धरून बसते. मांसाचा घास घेतला की टॅनिनला धरावयास दुसरी प्रथिने मिळतात आणि जिभेची सुटका होते. बोर्दोचा तरुण, तुरट द्राक्षारस पोइयाकच्या कोकराच्या मांसासंगे जो रुचतो तो ह्यामुळे. माशाशी मात्र लालचे बहुधा बिनसते, धातूसारखी चव येते. २००९ साली जपानी संशोधकांनी दाखविले की ह्याला द्राक्षारसातील लोह कारणीभूत असते. म्हणजे 'माशाला पांढरा' हा आजीबाईंचा नियम अगदीच निराधार नव्हता. पण लोह कमी असलेला हलका लाल चालून जातो, हेही त्यातूनच निघते.

शाब्लीचा पांढरा आणि कालवे ही जोडी प्रसिद्ध आहे. शाब्लीच्या मळ्यांखालच्या खडकात सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या चिमुकल्या कालवांचे अवशेष आहेत. ह्यावरून त्या शिंपल्यांचीच चव पेल्यात येते असे पुष्कळ जण सांगतात. भूगर्भशास्त्रज्ञ ते मान्य करीत नाहीत. वेल दगड पीत नाही, पाणी आणि क्षारच पिते. कालवांशी शाब्ली जुळते ती तिच्या कोरड्या आंबटपणामुळे, जसे आपण तळलेल्या माशावर लिंबू पिळतो तसे. दंतकथा सुंदर आहे, पण लिंबाचे कारण पुरेसे आहे.

सर्वांत नवलाची जोडी खारट आणि गोड ह्यांची. रोकफोर हे मेंढीच्या दुधाचे चीज गुहांत मुरवितात. त्यात निळी बुरशी असते आणि ते चांगलेच खारट. त्यासंगे सोतेर्नचा मधासारखा गोड द्राक्षारस. सोतेर्नमध्ये सिरों ही थंड ओढ्यासारखी नदी कोमट गारोन नदीला मिळते, शरदात सकाळी धुके पडते आणि द्राक्षांवर एक बुरशी धरते. एरवी हीच बुरशी पीक नासविते. तेथे दुपारी ऊन पडत असल्याने ती सालीला नुसती भोके पाडते, पाणी उडून जाते आणि साखर उरते. मजूर त्याच वेलीवर चार-सहा वेळा फिरून फक्त सुकलेले मणी खुडतात. इकेम ह्या मळ्यात एका वेलीपासून जेमतेम एक पेला रस मिळतो असे म्हणतात. तेव्हा एका बुरशीचे चीज आणि दुसऱ्या बुरशीचा द्राक्षारस. ऐकून भूक मरावी अशी ही जोडी आहे, आणि ती राजांच्या मेजावर जाऊन बसली.

जुरा डोंगरातील पिवळ्या द्राक्षारसाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. तो पिंपात सहा वर्षे तीन महिने ठेवतात. मधून जेवढा उडून जाईल तेवढा जाऊ देतात, पिंप पुन्हा भरीत नाहीत. वर किण्वाची साय धरते आणि तिच्याखाली त्याला अक्रोडासारखी चव येते. म्हणून त्याची बाटलीही निराळी, ६२ सेंटिलिटरांची. त्या भागातील कोंते चीजबरोबर तो घेतात. ह्याच जुरामधील आर्ब्वा गावी लुई पाश्चर ह्यांचे बालपण गेले, आणि द्राक्षारस का बिघडतो ह्याचा शोध घेणारा त्यांचा ग्रंथ १८६६ साली प्रसिद्ध झाला. आज आपल्या घरी येणारे पाश्चरीकृत दूध त्या शोधाचे देणे आहे.

आपल्या तिखटाशी ह्या पेयाचे जमते काय, असे मला विचारतात. तुरट लाल मुळीच जमत नाही. मद्यार्काने मिरचीचा जाळ वाढतो आणि टॅनिन त्यावर मीठ चोळते. आल्सासचा किंचित गोडसर पांढरा त्यातल्या त्यात निभावतो. गोव्याच्या विंदालूची कुळकथा येथे ऐकण्याजोगी आहे. पोर्तुगीज भाषेत तिचे मूळ नाव द्राक्षारस आणि लसूण ह्यांवरून पडलेले. मांस त्यात मुरवीत. गोव्यात द्राक्षारसाची जागा माडाच्या शिरक्याने घेतली, मिरची आली, आणि पदार्थ इतका आपला झाला की नावातील द्राक्षारस कोणाला आठवतही नाही. आणखी एक : 'लाल द्राक्षारस खोलीच्या उष्णतेवर द्यावा' हे वाक्य पुस्तकांत वाचून आपल्याकडे तो उन्हाळ्यात तसाच ओततात. ती खोली जुन्या फ्रेंच घरातली, सोळा-सतरा अंशांची. आपल्या खोलीत त्याचा काढा होतो. पेला हुंगणे, डोळे मिटणे, 'अत्तराचा भास' वगैरे शब्द उच्चारणे ह्या गोष्टी हौसेच्या आहेत. त्यांवाचून अडत नाही.

हे सारे वर्णन ऐकून फ्रान्स म्हणजे नंदनवन असा ग्रह होऊ नये. शिक्षक म्हणून मला जी गोष्ट वाचून धक्का बसला ती सांगतो. फ्रान्समधील शाळांच्या भोजनगृहांत मुलांना जेवणाबरोबर पाणी घातलेला द्राक्षारस मिळत असे. १९५४ साली पंतप्रधान मांदेस-फ्रांस ह्यांनी शाळांतून दूध वाटण्याची मोहीम काढली तेव्हा त्यांची थट्टा झाली. १९५६ साली चौदा वर्षांखालील मुलांसाठी द्राक्षारस बंद झाला. मोठ्या विद्यार्थ्यांच्या विद्यालयांतून तो जावयास १९८१ उजाडले. 'द्राक्षारस हे अन्न आहे' ह्या वाक्याचा आधार घेऊन पिढ्यान् पिढ्या यकृते नासली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले की मद्यार्काचे निर्धोक असे प्रमाणच नाही. आपल्याकडे ज्या घरांचा संसार बाटलीने बुडविला त्यांतील मुले माझ्या वर्गात बसलेली आहेत; म्हणून गावांच्या नावांचे कौतुक करताना ही बाजू मला झाकता येत नाही. फ्रेंचांनीही ती ओळखली असावी. १९६० च्या सुमारास तेथे दरडोई वर्षाला शंभर लिटरांहून अधिक द्राक्षारस खपे; आज तो निम्म्याहूनही कमी खपतो. बोर्दोमध्ये २०२३ पासून सरकारी अनुदान देऊन हजारो हेक्टर वेली उपटल्या जात आहेत. पूर्वी किड्याने उपटविल्या, आता गिऱ्हाइकाने. ज्याच्या आजाने त्या लावल्या त्याला अनुदानाचे पैसे हाती घेताना काय वाटत असेल, ह्याची कल्पना करावी.

आणि जागेची चव म्हणतात तीही आता जागच्या जागी राहीनाशी झाली आहे. बर्गंडीतील बोन शहरी द्राक्षे खुडण्यास कोणत्या दिवशी आरंभ झाला, ह्याच्या नोंदी जुळवून संशोधकांनी १३५४ पासूनची मालिका तयार केली. १९८८ पासून पुढे खुडणी पूर्वीच्या मानाने सरासरी तेरा दिवस अगोदर होऊ लागली आहे. फळ लवकर पिकते, साखर वाढते, आंबटपणा घटतो. म्हणजे कालवांवरचे ते लिंबूच कमी होत जाते. उलट वेल लवकर फुटल्याने एप्रिलच्या हिमात सापडते. २०२१ साली तसेच घडले, मळ्यांतून रात्रभर मशाली पेटवूनही कोंब करपले. उन्हाला टिकतील अशा सहा जातींना २०२१ साली बोर्दोने परवानगी दिली. त्यांतील दोन, तोरिगा नासियोनाल आणि आल्वारिन्यो, चक्क पोर्तुगालच्या आहेत. मळ्याच्या शेकडा पाच भागात त्या लावाव्या, मिश्रणात शेकडा दहापर्यंत त्यांचा रस घालावा, असा नियम आहे. बाटलीवर नाव मात्र बोर्दोचेच राहील.